चारशे रुपयांचा पाइप

मराठी विभागात काय लिहायचं असतं हे मला तीन वर्षांत चांगलं कळलंय. पहिला पाऊस, आईचं पत्र, मेसची आमटी, शेवटच्या दिवशी स्टेशनवर रडणारे मित्र... मी मात्र एका प्लास्टिकच्या पाइपवर लिहिणार आहे. संपादक मंडळातला मित्र म्हणाला, "अरे, हे टेक्निकल सेक्शनला दे की!" मी म्हटलं, नको. तिकडे दिलं तर आकृती काढावी लागेल, तक्ते द्यावे लागतील आणि माझी चूक कुठेतरी शेवटच्या तक्त्यात झाकली जाईल. इथे ती सरळ सांगता येते. म्हणून इथेच.

गोष्ट आहे आमच्या बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गिझरची. आता जुन्या लोकांना तो गिझर माहीत आहेच. बेसिनांच्या रांगेच्या वर, भिंतीवर, शंभर लिटरचा उभा पांढरा ड्रम. थंडीत आम्ही त्याला 'कुलदैवत' म्हणायचो. पहाटे तीनला वॉचमन काका त्याचा स्विच टाकायचे आणि सहापासून बादल्यांची रांग लागायची.

या कुलदैवताला एक खोड होती. रोज पहाटे तो ठिपकायचा. टप... टप... टप... खालच्या फरशीवर शेवाळ धरलं होतं. दोघेजण घसरले, एकाचा टॉवेल गेला, एकाची अब्रू गेली. तक्रारवहीत पानंच्या पानं भरली. मी त्या वर्षी विंगचा मेंटेनन्स प्रतिनिधी होतो (दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही). रेक्टर सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू मेकॅनिकलचा ना? मग प्लंबर मामांना घेऊन जा आणि या ठिपक्याचा बंदोबस्त कर. बिल आण."

तर मी, म्हणजे टी.ई. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, एक केटी, असा अधिकारी माणूस मामांबरोबर पाहणीला निघालो.

मामांनी शिडी लावली. गिझरला दोन व्हॉल्व्ह होते. एक खाली, गार पाणी आत येतं तिथे. दुसरा वर, टाकीच्या खांद्याशी. मामा म्हणाले, "खालचा ठिपकतोय. तो ठिपकणारच. ते त्याचं कामच हाय."

हे खरं होतं, आणि का खरं होतं ते मला लगेच कळलंही. पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांचं पाणी साठ अंशांपर्यंत नेलं की ते साधारण दीड टक्क्याने वाढतं. शंभर लिटरमागे दीड लिटर! हे दीड लिटर जाणार कुठे? गार पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्यामुळे मागे जाता येत नाही. गरम पाण्याचे सगळे नळ बंद. टाकी चारी बाजूंनी बंद. मग दाब वाढतो, खालचा व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि ते दीड लिटर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. म्हणजे ठिपकणं हा बिघाड नव्हेच. गिझर श्वास सोडतोय, एवढंच. ज्यांना वाटतं की अशा व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारलं की काम झालं, त्यांच्यासाठी पुढे एक गोष्ट सांगणार आहे. तोवर थांबा.

आम्ही ठरवलं की दोन्ही व्हॉल्व्हची तोंडं एकाच पाइपात घ्यायची आणि तो पाइप बेसिनांच्या वरून भिंतीने नेऊन कोपऱ्यातल्या डक्टमध्ये सोडायचा. तीन मीटर लांबी, दोन एल्बो. झालं!

दुकानात गेलो. मामा म्हणाले, "गरम पाण्याचा घिऊ. सीपीव्हीसी." शेठनी दोन्हीचा हिशेब मांडला. साधा पांढरा पीव्हीसी घेतला तर फिटिंग, क्लॅम्प, सोल्युशन सगळं धरून चारशे रुपये वाचत होते.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

"मामा, ते ठिपकणारं पाणी गार आहे हो! मी हात लावून बघितलंय. गार पाण्याच्या बाजूने येतंय ना ते. त्याला गरम पाण्याचा पाइप कशाला?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वरचा पण त्याच पाइपात यायचाय."

मी म्हणालो, "वरचा कधी उघडलेला बघितलाय का तुम्ही?"

"न्हाय."

"मग?"

मामांनी शेठकडे बघितलं, शेठनी माझ्याकडे बघितलं, आणि साधा पाइप बांधून दिला. अर्धा इंची. परत येताना मला फार हुशार वाटत होतं. चारशे रुपये विंगच्या फंडात जमा झाले आणि त्यातून कॅरमचे नवे स्ट्रायकर आले, वडापावही झाले. फरशी कोरडी झाली. तक्रारवहीत कुणीतरी 'थँक यू' सुद्धा लिहिलं. तक्रारवहीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच झालं असावं.

* * *

डिसेंबरातला रविवार होता. रविवारी आमच्या विंगमध्ये आठच्या आधी सूर्य उगवत नाही. पण एफ.ई.चा एक मुलगा, ज्याला सगळे 'लातूर' म्हणत, त्याला एन.एस.एस.च्या कॅम्पला जायचं होतं. पावणेसहाला तो उठला आणि बेसिनवर दात घासायला उभा राहिला.

मी जागा झालो तो ओरडण्याने.

बाहेर येऊन बघतो तर वाफ. बेसिनांच्या वरचा पाइप भिजलेल्या सुतळीसारखा खाली लोंबत होता. कोपऱ्यातल्या एल्बोतून तो निसटला होता आणि त्यातून उकळत्या पाण्याची धार फरशीवर पडत होती. लातूर भिंतीला टेकून बसला होता. डावा पाय, पोटरीपासून खाली, लाल.

कुणीतरी टूथपेस्ट घेऊन धावला. कुणी म्हणालं बटाटा, कुणी म्हणालं शाई. सुदैवाने सिव्हिलचा एक सीनिअर शहाणा निघाला. त्याने सगळ्यांना बाजूला केलं, लातूरला खांद्यावर घेऊन पलीकडच्या बाथरूममध्ये नेलं आणि साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरून ठेवला. पुरी वीस मिनिटं. नंतर डॉक्टर म्हणाले की तेवढं एक काम तुम्ही बरोबर केलंत. (हे लक्षात ठेवा. भाजल्यावर गार वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, तूप नाही, शाई नाही.) मेन स्विच वॉचमन काकांनी पाडला. रेक्टर सर स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

तो तीन आठवडे घरी होता. कॅम्प गेला, दोन प्रॅक्टिकल गेली, एक टेस्ट गेली. त्याची आई आली होती त्याला न्यायला. माउली मला म्हणाली, "तुम्ही सगळी पोरं होता म्हणून बरं झालं बाबा." मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

* * *

काय झालं होतं? नंतर इलेक्ट्रिशियनने गिझर उघडला तेव्हा कळलं. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटून गेले होते. म्हणजे साठ अंशांना बंद व्हायचं ते बंद झालंच नाही. त्याच्यामागे दुसरा पहारेकरी असतो, थर्मल कट-आउट. तो 'सारखा सारखा ट्रिप होतो' म्हणून कधीतरी कुणीतरी वायरचा तुकडा टाकून बायपास करून ठेवला होता. कुणी ते आजवर कळलेलं नाही. राहिला तिसरा पहारेकरी, म्हणजे वरचा व्हॉल्व्ह. तो तापमान आणि दाब दोन्ही बघतो. नव्वद-पंच्याण्णव अंशांच्या आसपास तो उघडतो आणि पाणी बाहेर सोडून देतो. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. त्याच्यामुळेच टाकी वाचली. चूक त्याच्यापुढच्या तीन मीटरांत होती. ते तीन मीटर मी निवडले होते.

आकडेमोड करून बघितली, कारण झोप येत नव्हती. एलिमेंट तीन किलोवॅटचं. शंभर लिटर पाणी वीसवरून साठवर न्यायला त्र्याण्णव मिनिटं. पहाटे तीनला स्विच, म्हणजे साडेचारला साठ अंश. थर्मोस्टॅट चिकटलेला. साठवरून पंच्याण्णवला जायला आणखी एक्क्याऐंशी मिनिटं. तीन वाजता सुरू केलेला गिझर पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी पंच्याण्णवला पोचतो. एरवीच्या दिवशी सहाच्या आधीच दोन-चार अभ्यासू बादल्या लागतात, गार पाणी आत येतं, तापमान खाली राहतं. रविवारी कुणी उठलंच नाही. सगळं इतकं बरोबर जुळत होतं की हे गणित मला दुकानातच, पाइप हातात घेऊन, करता आलं असतं. हीट ट्रान्सफरच्या पेपरला यापेक्षा अवघड गणितं मी सोडवली होती.

हीट ट्रान्सफरच्या मॅडमना जाऊन सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुपारी लॅबमध्ये ये. पाइपचे तुकडे घेऊन ये." आम्ही वॉटर बाथ पंच्याण्णवपर्यंत तापवला आणि साधा पीव्हीसी, सीपीव्हीसी आणि हिरवा पीपीआर असे फूटभराचे तुकडे त्यात बुडवले. बाहेर काढून एक टोक धरलं. साधा पीव्हीसी मान टाकलेल्या कोंबडीसारखा वाकला. बाकी दोन सरळ राहिले. मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तुला हाताने बघायला हवं होतं म्हणून केलं."

पुस्तकात खरंच आहे. साधा पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. आपल्याकडचं त्याचं मानक, आय.एस. ४९८५, ते पाइप गार पाण्यासाठीच धरतं, पंचेचाळीस अंशांपर्यंत. सीपीव्हीसी म्हणजे तोच पीव्हीसी, पण त्याच्या साखळीत आणखी क्लोरीन घातलेला. तेवढ्याने त्याचं मऊ पडणं एकशेदहा अंशांच्या आसपास जातं. त्याचं मानक आय.एस. १५७७८, तेही २००७ पासूनचं. पीपीआरचं आय.एस. १५८०१. हे आकडे पाठ करायची गरज नाही. पण पाइपवर ते छापलेले असतात, आणि घेताना ते वाचायचे असतात. सीपीव्हीसी साधारण पिवळट असतो, साधा पांढरा किंवा करडा. पण रंगावर जाऊ नका. रंग कुणीही देतो.

* * *

आमच्या हॉस्टेलचा एक सीनिअर सध्या इंग्लंडमध्ये बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये आहे. त्याला फोन केला. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "अरे, तुमच्या कुलदैवताला इकडे अनव्हेंटेड सिलिंडर म्हणतात. त्याच्या पाइपवर इथे कायदा आहे, कायदा!"

मग त्याने सगळं समजावलं. इंग्लंडात पूर्वी घरोघरी माळ्यावर गार पाण्याची टाकी, खाली तांब्याचं गरम पाण्याचं सिलिंडर आणि त्यातून वर गेलेला उघडा व्हेंट पाइप अशी पद्धत. पाणी जास्त तापलं तर व्हेंटमधून वरच्या टाकीत पडायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तिथे बंद सिलिंडरला परवानगी मिळाली. त्याला व्हेंट नाही, थेट मेनचा दाब. शॉवर जोरात येतो, पण उघडी वाट नाही. म्हणून नियमांत जी-३ नावाचं कलम आहे. थर्मोस्टॅट एक, वेगळा कट-आउट दोन, तापमान-दाबाचा व्हॉल्व्ह तीन, आणि चौथी गोष्ट म्हणजे तो पाइप. व्हॉल्व्हमधून बाहेर पडलेलं पाणी माणसांना इजा न करता, पण दिसेल असं बाहेर गेलं पाहिजे, असा त्या कलमाचा अर्थ आहे.

त्याची मांडणी मला फार आवडली. व्हॉल्व्हनंतरचा पहिला तुकडा धातूचाच. त्याला ते डी-१ म्हणतात. तो सहाशे मिलिमीटरपेक्षा लांब नको. त्याच्या खाली एक नरसाळं! ते त्याला टनडिश म्हणतात, पण आपलं नरसाळंच ते. वरून पाइप त्याला चिकटलेला नसतो, मधे हवेची मोकळी जागा. तिथून पडणारं पाणी डोळ्याला दिसतं. म्हणजे कधी नव्हे ती धार लागली तर जाता-येता कुणालाही कळतं की आत काहीतरी बिघडलंय. नरसाळ्याखाली निदान तीनशे मिलिमीटर सरळ उभा पाइप, मग पहिला बेंड. पुढे दोनशेला एक असा सतत उतार, म्हणजे मीटरमागे पाच मिलिमीटर. या पुढच्या पाइपला ते डी-२ म्हणतात, आणि तो पहिल्यापेक्षा निदान एक साइज मोठा. पंधरा मिलिमीटरचं तोंड असेल तर बावीसचा पाइप, तोही नऊ मीटरपर्यंत, आणि प्रत्येक एल्बोमागे त्यातून ०.८ मीटर वजा. पाइपचं टोक जमिनीलगत सोडलं तर त्याला जाळी, म्हणजे कुणाचा पाय तिथे जाणार नाही.

"आणि डी-२ प्लास्टिकचा चालतो?" मी विचारलं.

"चालतो. पण कुठलंही प्लास्टिक नाही. त्या तापमानाचं पाणी सहन करतो हे सिद्ध झालेला आणि तसं कायमचं छापलेला. साध्या ड्रेनेजच्या पीव्हीसीत थेट सोडलं तर आमचा इन्स्पेक्टर मला सोडणार नाही."

मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मी नंतर वाचलीही. २००६ साली इंग्लंडातल्या टाँटन गावात एका घरात इमर्शन हीटरचा थर्मोस्टॅट निकामी झाला. पाणी उकळत राहिलं आणि व्हेंटमधून माळ्यावरच्या टाकीत पडत राहिलं. ती टाकी प्लास्टिकची, गार पाण्यासाठी केलेली. उकळत्या पाण्याने ती मऊ पडली, फाटली, आणि छतातून ते पाणी खाली झोपलेल्या तान्ह्या बाळावर पडलं. बाळ गेलं. सिलिंडरचा प्रकार वेगळा होता, पण मला त्यात आमचंच बाथरूम दिसलं. त्या टाकीतसुद्धा रोज हात घातला असता तर पाणी गारच लागलं असतं.

आता बूच मारणाऱ्यांसाठीची गोष्ट. १९ जानेवारी १९८२. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात स्पेन्सर नावाच्या गावी स्टार एलिमेंटरी स्कूल ही शाळा. तिथला सुमारे सव्वातीनशे लिटरचा वॉटर हीटर अतितापला. सुरक्षेची साधनं नीट काम करत नव्हती. टाकी फुटली आणि सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली. बंद टाकीत पाणी शंभर अंशांना उकळत नाही. दाबाखाली ते त्याच्या कितीतरी वर द्रवरूपातच राहतं. आठ बारच्या आसपास उत्कलनबिंदू एकशेसत्तर अंश आहे, स्टीम टेबल काढून बघा. टाकी फाटली की दाब एकदम जातो, त्यातलं काही पाणी एका क्षणात वाफ होतं, आणि वाफेला त्याच पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. त्यामुळे ठिपकणाऱ्या व्हॉल्व्हला बूच मारणारा माणूस फरशी कोरडी ठेवतो, पण बाथरूममध्ये बॉम्ब ठेवतो.

* * *

सुट्टीनंतर मामा आणि मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी चूक करायची नव्हती. मामांना म्हटलं, "तुम्ही सांगा."

मामा म्हणाले, "तांबं घालायचं का? सगळ्यात चांगलं." तांब्याचा भाव ऐकल्यावर मी रेक्टर सरांचा चेहरा आठवला. मग पीपीआर बघितला. उष्णता सोसतो, पण तापला की फार लांबतो. तीन मीटरचा साधा पीपीआर पंचवीसवरून पंच्याण्णव अंशांवर गेला तर तीसेक मिलिमीटर वाढतो. सीपीव्हीसी तेरा-चौदा, तांबं साडेतीन. शिवाय पीपीआरच्या जोडाला तापवायचं मशीन लागतं, ते मामांकडे नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही व्हॉल्व्हपासून पितळी जोड आणि जीआय पाइपचे आखूड तुकडे, त्याखाली एक नरसाळं, आणि तिथून पुढे सीपीव्हीसी.

साइजचा प्रश्न आला तेव्हा मीटरपट्टी काढली. व्हॉल्व्हचं तोंड अर्धा इंच. इंग्लंडच्या हिशेबाने पाऊण इंची पुरला असता. तीन मीटर आणि दोन एल्बोंचे १.६, म्हणजे ४.६ मीटर, नऊच्या आत. पण तो हिशेब तांब्याच्या बावीसचा, ज्याचा आतला व्यास वीस मिलिमीटर असतो. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून तेवढाच दिसतो, पण भिंत जाड, त्यामुळे आत अठराच भरतो. म्हणून एक इंची घेतला, आत तेवीस. शेठ म्हणाले, "ठिपक्याला एवढा मोठा?" मी काही बोललो नाही. मामा बोलले. म्हणाले, "ठिपक्याला न्हाय, शेठ. ज्या दिवशी सगळं बिघडंल त्या दिवसाला."

एवढंच मला या लेखात सांगायचं होतं खरं तर. मी रोजचं पाणी बघून पाइप निवडला. हात लावून बघितला, गार लागला, आणि समजलो की शास्त्रीय कसोटी झाली. पण हा पाइप रोजच्यासाठी नसतोच. थर्मोस्टॅट गेला, कट-आउट गेला, कुणी जागं नाही, अशा एका पहाटेसाठी तो असतो. ती पहाट दहा वर्षांत एकदा येते किंवा येतही नाही. पण आली तर त्या पाइपखाली कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं.

बसवताना मामांनी आणखी काही गोष्टी शिकवल्या. सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं असतं, साध्या पीव्हीसीचं चालत नाही. जोड केल्यावर चोवीस तास गरम पाणी सोडायचं नाही. क्लॅम्प दर दोन फुटांवर, पण आवळून नाही, पाइपला सरकायला जागा हवी. मधे कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं, म्हणून उतार पट्टीने बघायचा. पाइप बेसिनांच्या वरून न्यायचाच नाही. आम्ही तो पलीकडच्या भिंतीने नेला, जिथे खाली कुणी उभं राहत नाही. कट-आउट नवा बसवला. थर्मोस्टॅट नवा. आणि पाइपच्या वाटेवर कुठेही व्हॉल्व्ह नाही, टोकाला टोपी नाही.

काम झाल्यावर शिडीखाली बसून आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही त्या दिवशी बरोबर बोलला होतात." मामा बराच वेळ कपात बघत राहिले. म्हणाले, "बरोबर बोललो, पण एकदाच बोललो. तुम्ही इंजिनिअर, म्हटलं तुमाला जास्त कळत आसंल. दोनदा बोलाय पाहिजे हुतं." मला त्याच्या पायापेक्षा हे जास्त लागलं. तीस वर्षं पाइप जोडणारा माणूस माझ्या डिग्रीला, जी अजून मिळालेलीही नाही, घाबरून गप्प बसला होता.

लातूर जानेवारीत परत आला. पायावर डाग आहे, चालताना त्रास नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो आणि सगळं सांगितलं. चारशे रुपये, वडापाव, सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मी पण खाल्ला होता दादा तो वडापाव." आणि हसला. थोड्या वेळाने विचारलं, "आता कुठला बसवलाय?"

दोघं जाऊन बघून आलो. त्याने पाइपवरचं छापलेलं सगळं वाचलं, नरसाळ्यात बोट घातलं. खालच्या व्हॉल्व्हचा एक थेंब त्याच्या बोटावर पडला.

"गार आहे," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं.

तर मित्रहो, आज रात्री जेवण झालं की एक काम करा. आपापल्या विंगच्या गिझरखाली जा, मान वर करा. व्हॉल्व्हच्या तोंडाला पाइप आहे का, की बूच? पाइप असेल तर त्यावर काय छापलंय? तो कुठे जातो, आणि त्याच्या खाली कोण उभं राहतं? काही वेगळं दिसलं तर स्वतः हात घालू नका. तक्रारवहीत लिहा आणि मामांना बोलवा. ते जे म्हणतील ते ऐका. एकदा म्हणून गप्प बसले तर पुन्हा विचारा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)